राखणीचा वाटा

सिदूला आज कुणी विचारलं, "भाऊ किती तुम्ही?" तर तो सरळ सांगतो, "मी एकटाच." उमापूरच्या बाजारात हे ऐकणारे गप्प बसतात, कारण त्याच्या थोरल्या भावाला, आश्रुबाला, सगळेच ओळखतात. दोघं एका आईचे, एका ताटात जेवून वाढलेले. बरं, सिदू काही खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. लहानपणी खोटं बोलायची वेळ आली तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि आईला लगेच कळायचं. पण एवढी एक गोष्ट तो माणसाच्या डोळ्यात बघून खोटी सांगतो, आणि मला विचाराल तर तेवढा हक्क त्यानं कमावलेला आहे.

उमापूरपासून आडबाजूला त्यांची वस्ती. घरात कामं दोन, पोरं दोन. बापानं वाटणी करून टाकली: आश्रुबाकडे शेत, सिदूकडे मेंढरं. शेत म्हणजे नुसता मुरूम. त्यात पोटापुरतंही पिकायचं नाही, म्हणून आश्रुबा आणि त्याची बायको बायनाबाई दरसाल दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच तिकडं माणसं मोजतात. थंडीत उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर, झोपायचं, पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. बायनाबाईची कंबर त्या मोळ्यांनीच गेली. सिदू मात्र बारा महिने मेंढरांमागं, पावसात घोंगडी आणि उन्हात मुंडासं. कष्ट त्यालाही होते, पण ते त्याच्या आवडीचे होते आणि हीच गोष्ट आश्रुबाला आत कुठंतरी सलत असावी. हे आपलं माझं म्हणणं. तेव्हा हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं मरायच्या आधी आणखी एक गोष्ट केली. तालुक्यात मेंढपाळांची सहकारी सोसायटी निघाली, तिच्यात त्यानं सिदूला सभासद केलं. सोसायटीचा कायदा असा की एका घरातून एकच सभासद, आणि तोही स्वतः मेंढरात राहणारा. "मेंढरं ज्याच्या मागं चालत्यात त्याचं नाव लागल," म्हातारा म्हणाला. आश्रुबानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

सिदूचं नाव पंचक्रोशीत होतं ते औषध पाजण्यासाठी. मेंढराला पावसाळ्याच्या अलीकडं-पलीकडं जंताचं औषध पाजावं लागतं. ऐकायला सोपं आहे. पण घाईगर्दीत तोंड आभाळाकडं करून ओतलं, की औषध पोटात न जाता श्वासनळीत उतरतं, तिथून फुफ्फुसात, आणि मग ते जनावर नाकातोंडातून फेस गाळत मरतं. सिदू मेंढराची मान मांडीशी घ्यायचा, तोंड आडवंच ठेवायचा, बांबूचं नळकांडं गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि थोडं ओतून थांबायचा. घोट उतरलेला बोटांना लागला की मग पुढचं. बघणारे वैतागायचे. "सिदू, मेंढरू हाय बे ते, तुझा जावाई न्हाई!" सिदू हसायचा आणि पुढच्या घोटाची वाट बघत बसायचा.

त्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, सुलतान नावाचा कुत्रा होता. नाव सुलतान आणि एक कान लांडग्यानं तोडलेला. सिदूचा त्याच्यावर भारी जीव. मेंढरू कापलं की ह्या मेंढपाळ लोकांत आधी राखणीचा वाटा काढतात. मेंढरू नवसाचं असो, जत्रेचं असो, नाहीतर दुष्काळात बसकण मारलेलं असो, राखणदाराचं, म्हणजे कुत्र्याचं, तोंड आधी ओलं व्हायला हवं, मग माणसांचं. वाट्याला काय, तर फुफ्फुस. पुष्कळ मेंढरांच्या फुफ्फुसात पाण्याचे फोड असतात, बोराएवढे, लिंबाएवढे. फोडला की आत निवळ पाणी आणि पांढरा पापुद्रा. असलं फुफ्फुस माणसानं खायचं नाही, ते कुत्र्याचं. सिदू ते कधी लांबून भिरकावत नसे. मानाचा वाटा म्हणून हातानं भरवायचा. सुलतान हात चाटून पुसून लख्ख करायचा आणि त्याच हातानं सिदू भाकरी मोडायचा. त्याची बायको दगडाबाई ओरडायची, "माणूस हाय का कोन हाय! हात तरी धुवा की!" सिदू म्हणायचा, "धुतलाय की सुलताननं."

दोन हजार बारा साली पावसानं अशी पाठ फिरवली की गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली. ऊसच नाही तर तोडणार काय? कारखान्यांनी गाळप लवकर आटोपलं आणि आश्रुबा-बायनाबाई हात हलवत घरी आली. जागोजाग गुरांच्या छावण्या उभ्या राहिल्या, पण त्यांत मेंढराला जागा नव्हती. मग सोसायटीनं पुढाकार घेतला. चेअरमन मोहनराव, माइक नसला तरी मूठ तोंडाशी धरून भाषण करणारे. त्यांनी खटपट करून पालीला, बिंदुसरा धरणाच्या अंगाला, मेंढरांची छावणी उघडायचं ठरवलं. चाऱ्याला उसाचं वाढं मिळणार, टँकरनं पाणी मिळणार. अट तीच जुनी: सभासदाची मेंढरं, आणि सभासद स्वतः छावणीत हजर.

आणि नेमका त्याच वेळी सिदूला खोकला लागला.

आधी कोरडा, मग छाती खरवडणारा. एक दिवस धोतराच्या सोग्याला रक्त लागलं. सिदूनं ते धुऊन टाकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं. तेव्हा वस्तीवर येणाऱ्या नर्स केशरबाईंनी थुंकीची डबी दिली आणि गेवराईच्या सरकारी दवाखान्यात नेऊन द्यायला सांगितलं. मेंढरं सोडून सिदू जाणार कसा? आश्रुबा म्हणाला, "तू कावून हेलपाटा घालतू? दे, मी देतो नेऊन. निकालबी मीच इचारून येतो."

निकाल घेऊन आला त्या दिवशी आश्रुबा वाड्याच्या काट्यांबाहेरच उभा राहिला. सिदू म्हणाला, "आत ये की, दादा." तो येईना. तिथूनच म्हणाला, "सिदू, टीबी निघाला रं." आणि रडला. ते रडणं खरं होतं की काय, ह्यावर वस्तीत आजही दोन तट आहेत.

सिदूनं भावाची समजूत घातली. रडणाऱ्याची समजूत आजाऱ्यानं घालायची, असा तो देवमाणूस! आश्रुबानं मग सगळं पुढं मांडलं. छावणीत माणसं दाटीवाटीनं राहणार. टीबीचा माणूस सोसायटी घेणार नाही. मेंढरं बाहेर राहिली तर महिनाभरात हाडं उरतील. "तू बरा होस्तवर मी जातो. तुजं नाव तात्पुरतं माज्याकडं. गोळ्या सरकारी हायत, केशरबाईकडनं आणून देत जाईन. तू निस्ता पडून ऱ्हा." सिदूला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मेंढरं जगली पाहिजेत, एवढंच त्याला दिसत होतं. मेंढरं छावणीला निघाली तेव्हा त्यानं प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडावर फडकं बांधून, त्यांना आपला रोग लागू नये म्हणून.

शेताच्या कडेला त्याला खोपट घालून दिलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. दगडाबाई तेवढी जवळ राहिली. ती म्हणाली, "मला लागायचा आसता तर कवाच लागला आसता." बाकी माणसं बांधावरून वळून जाऊ लागली. ज्यांच्या मेंढरांना त्यानं वर्षानुवर्षं औषध पाजलं त्यांनीही हात वर करून लांबूनच खुशाली विचारली. केशरबाईंची स्कूटी रस्त्यानं जायची, पण त्या काही वळल्या नाहीत. ह्याचं सिदूला जास्त लागलं. नर्सबाईनंच भ्यायचं, तर कुणाकडं बघायचं? गोळ्या आश्रुबा बाजाराच्या दिवशी आणून दगडावर ठेवून जायचा. सिदू त्या नेमानं घ्यायचा. फरक पडत नव्हता, पण भाऊ एवढ्या लांबून येतो ह्याचंच त्याला बरं वाटायचं.

सोबतीला सुलतान होता. छावणीत कुत्रं नको म्हणून आश्रुबानं त्याला मागंच ठेवलं होतं. तो सिदूच्या पायथ्याशी झोपायचा, खोकल्याची उबळ आली की उठून बसायचा. सिदू त्याला म्हणायचा, "माणसं गेली, तू ऱ्हायलास गड्या," आणि अर्धी भाकरी त्याच्या तोंडात द्यायचा. उरलेली अर्धी स्वतः खायचा.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळी सिदू दात घासत होता. उबळ आली, छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तोंडावाटे पाण्याचा लोंढा आला. खारट, निवळ पाणी. नाकातून आलं, घशातून आलं, श्वास घ्यावा तर श्वासाबरोबर तेच आत जायला लागलं. सिदू गुडघ्यावर पडला. दगडाबाईनं पाठीवर बुक्क्या घातल्या. पाण्यात पांढरे पापुद्रे होते, द्राक्षाची साल काढून टाकावी तसे. मातीत पडलेला एक पापुद्रा सिदूनं बोटानं उचलला. हा पापुद्रा त्याच्या ओळखीचा होता. आयुष्यभर मेंढरांच्या फुफ्फुसातून त्यानं असे किती काढले आणि सुलतानला घातले. "आगं," तो कसाबसा म्हणाला, "हे तर मेंढराचं हाय. माज्यात कसं आलं?"

दुपारपर्यंत अंगावर गांधी उठल्या, ताप चढला, श्वासाला घरघर लागली. दगडाबाईनं काळीपिवळीवाल्याला हात केला. त्यानं खोपटाकडं बघून गाडी पुढं काढली, तशी ती चक्क रस्त्यात आडवी उभी राहिली. बीडच्या डॉक्टरांनी लगोलग अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथं छातीचा फोटो निघाला. उजव्या फुफ्फुसात नारळाएवढा फोड, फुटलेला. त्यातलं पाणी दोन्हीकडं उतरून न्यूमोनिया झालेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "मेंढ्या आहेत तुमच्याकडे? आणि कुत्रं?" सिदूला वाटलं, बाई ज्योतिष बघते.

बाईंनी सोपं करून सांगितलं. मेंढीच्या फोडात एका बारीक किड्याची पिल्लं असतात. कुत्र्यानं तो फोड खाल्ला की त्याच्या आतड्यात किडे वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, त्याच्या केसांना आणि जिभेला लागतात. गवतातून मेंढीच्या पोटात गेली की तिला फोड, हातावरून माणसाच्या पोटात गेली की माणसाला. फोड वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो.

"म्हंजी टीबी न्हाई?" दगडाबाईनं विचारलं.

"टीबी नाहीच हा."

"माज्यापासनं कुणाला लागल का, बाई?" सिदूनं धापा टाकत विचारलं.

"माणसाचा माणसाला लागत नाही हा आजार. खुशाल सगळ्यांत बसा, जेवा."

सिदूनं त्यांना हे पुन्हा एकदा म्हणायला लावलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मरणाची भीती त्याला आधीही फारशी नव्हती. वाड्यावर परत जाता येईल का, हीच टोचणी होती. आता जाता येणार होतं.

दगडाबाईनं पदराच्या गाठीतून आश्रुबानं दिलेल्या गोळ्या काढून दाखवल्या. बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "ह्या टीबीच्या नाहीतच. ताकदीच्या गोळ्या आहेत, दुकानात मिळतात. कुणी दिल्या?" सिदू घाईघाईनं म्हणाला, "दुकानदारानं फसवलं आसंल दादाला. अडाणी माणूस हाय." दगडाबाईनं नवऱ्याकडं असं काही बघितलं की त्यानं तोंड भिंतीकडं केलं. सरकारी गोळ्या दुकानातून कशा येतील, हे त्यालाही कळत होतंच. पण काही गोष्टी कळून घ्यायला माणूस उशीर लावतो.

ऑपरेशन झालं. फोडाची पिशवी काढली, बरगड्यांत नळी घातली. नंतर ज्या गोळ्या सुरू झाल्या त्यांचं नाव ऐकून सिदूला हसू आलं, कारण त्याच नावाचं औषध तो मेंढरांना पाजत आला होता. हसलं की टाके दुखायचे. पण त्याआधीचे काही दिवस तो हसत नव्हता, बोलतही नव्हता. त्याचा सगळा राग सुलतानवर होता. पोटच्या पोरासारखा वाढवला, माणसांनी टाकलं तेव्हा तो एकटा जवळ राहिला, आणि त्यानंच हे दिलं! दगडाबाई म्हणाली, "घरी गेल्यावर हाकलूनच देते." सिदू म्हणाला, "नको. त्याला काय ठावं? खायाला मीच घालत होतो. त्यालाबी औषध पाजू." आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सुटी मिळाली तेव्हा चैत्र तापला होता. अंबाजोगाईहून बीडकडं येताना पाली वाटेतच लागतं. दगडाबाई म्हणाली, आधी घरी जाऊ. सिदूनं ऐकलं नाही. एस्टी थांबताच तो धोतर सावरत उतरला. छावणीपर्यंत चालताना त्याला तीनदा बसावं लागलं, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. दादाला काय सांगायचं, कसं सांगायचं, ह्याची तो वाटेत दगडाबाईपुढं उजळणी करत होता.

छावणीत शिरल्याबरोबर त्याला खोकला ऐकू आला, मेंढरांचा. सोसायटीनं जंताचं औषध वाटलं होतं आणि आश्रुबा कालपासून ते पाजत होता. मेंढराचं तोंड आभाळाला लावून, बाटली उपडी करून, झटपट. कडेला मेलेल्या मेंढ्यांची रास होती, नाकाशी फेस वाळलेला. त्याचीच मेंढरं. सिदूनं खूण न बघताही एकेक ओळखली.

"दादा, थांब! मारशील त्यास्नी!"

आश्रुबा दचकला. त्यानं आधी सिदूकडं बघितलं, मग आजूबाजूला. तोवर सिदूनं त्याच्या हातातून बाटली घेतलीच होती. खाली बसला, एका मेंढीची मान मांडीवर घेतली, तोंड आडवं धरलं. टाके ओढत होते. पण मेंढीनं त्याचा वास घेतला आणि अंग सैल सोडलं. थोडं औषध, थांबणं, घोट. "दुसरी दे," तो म्हणाला. आश्रुबा मेंढ्या धरून आणून देऊ लागला. जुन्या दिवसांसारखंच चाललं होतं, आणि त्या भरात सिदूनं सगळं सांगून टाकलं.

"दादा, टीबी न्हवताच रं मला! फोड हुता, मेंढराला होतो तसला. काढला बग. बाई म्हनली, कुणालाबी लागत न्हाई, खुशाल समद्यांत ऱ्हावा. मी आलो आता. तू सुटलास."

आश्रुबा पुढची मेंढी घेऊन आला. तिचे पाय धरून उभा राहिला. "हं," म्हणाला.

सिदू औषध ओतायचा थांबला. हा माणूस टीबी निघाला म्हणून काट्यांबाहेर उभा राहून रडला होता. आता टीबी नाही म्हटल्यावर त्यानं वर बघितलंही नव्हतं. कसला फोड, कुणी काढला, कुठं काढला, काही नाही. सिदूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, जसं काही खोटं तोच बोलला होता.

"दादा, तुला नवाल कसं वाटंना?"

आश्रुबानं मेंढीचे पाय आणखी घट्ट धरले.

"तुला म्हाईत हुतं?"

मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसून आश्रुबा म्हणाला, "केशरबाई म्हनली हुती, थुंकीत काय न्हाई. छातीचा फोटू काढाया न्या म्हनली. मी म्हनलो, नेला." एवढं बोलून झाल्यावर बाकीचं त्याच्या तोंडून भसाभस बाहेर आलं. "मी काय करू मग? आमचं आर्दं आयुष्य पाचटात गेलं. बायनाला सरळ उभं ऱ्हाता येत न्हाई. तुला बापानं मेंढरं दिली, नाव दिलं. मला काय दिलं? कोयता! मला वाटलं, खोकला हाय, जाईल आपुआप. मरशील आसं न्हवतं वाटलं मला. देवाशप्पथ न्हवतं वाटलं."

"आन त्या गोळ्या?"

"ताकदीच्या हुत्या. चांगल्या हुत्या. तुला ताकद यावी म्हनून आनायचो. येवढा काय मी वैरी न्हाई."

खोपटातले सगळे दिवस सिदूच्या डोळ्यांपुढून गेले. वेगळं ताट, बांधावरून वळणारी माणसं, न थांबणारी केशरबाईंची स्कूटी. ती बाई घाबरली नव्हती, सिदूला दवाखान्यात नेलं असं तिला सांगितलेलं होतं. आणि तो खुळा, भाऊ लांबून येतो म्हणून त्या गोळ्या कपाळाला लावून गिळत होता.

"कुत्र्याला ठावं न्हवतं, दादा," तो म्हणाला. "तुला ठावं हुतं."

गलका ऐकून मोहनराव आले. मूठ तोंडाशी नेऊन त्यांनी खुलासा केला. सभेत आश्रुबानं भावाच्या आजाराचं सांगितलं, ठराव झाला, आता सभासद आश्रुबा. पुढच्या सभेपर्यंत बदल नाही. "तुला तुझी मेंढरं न्यायची तर ने, सिदू. कायदा आडवा येत नाही. पण मग छावणीबाहेर न्यावी लागतील." सिदूनं छावणीबाहेर बघितलं. धरणाच्या तळापासून डोंगरापर्यंत हिरवं म्हणून काही नव्हतं. आपली म्हणून बाहेर काढायची, तर ती मरणार. जगवायची, तर ह्याच्याकडं ठेवायची.

आश्रुबाला धीर आला. तो म्हणाला, "ऱ्हा की हितंच. औषिध पाजाया मानूस लागतोच. तुला भाकरी कमी पडू द्यायचो न्हाई."

दगडाबाई आजवर भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, कधी बोलली नव्हती. तिनं डोईवरचा पदर मागं सारला. "दादा, त्यांच्याच मेंढरात त्यांना गडी ठिवता का?" तिनं विचारलं. "आन हे जेवायला बसले की ताट येगळं ठिवणार, का आता संगं घेणार?"

सिदूनं भांडण केलं नाही. तो पुन्हा खाली बसला आणि म्हणाला, "पुढली आण." राहिलेल्या सगळ्या मेंढरांना त्यानं औषध पाजलं, एकेका घोटाची वाट बघत. भाऊ मेंढ्या आणून देत होता. खोकणाऱ्या मेंढ्या त्यानं सावलीला वेगळ्या केल्या. शेवटची सोडल्यावर हात धुतले, मातीनं घासून, कोपरापर्यंत. मग काठी टेकत उठला आणि दगडाबाईबरोबर रस्त्याला लागला.

थोडं पुढं गेल्यावर त्याला मागं खुरांचा आवाज आला. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, तुटलेल्या जागेतून मेंढरं बाहेर आली होती आणि त्याच्यामागं चालली होती, पुढं त्याची म्हातारी मेंढी. बोलवावं लागलंच नव्हतं. तो चालला की त्यांनी चालायचं, एवढंच त्यांना माहीत. सिदूनं त्यांना हुसकावलं. ती थबकली आणि पुन्हा चालू लागली. त्यानं काठी उगारली, तिला ती भ्याली नाहीत, कारण त्या काठीचा मार त्यांनी कधी खाल्लाच नव्हता. तेव्हा त्यानं वाळल्या शेतातलं ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. म्हाताऱ्या मेंढीच्या तोंडावर बसलं. ती थांबली. डोकं झाडलं, त्याच्याकडं बघितलं आणि एक पाऊल आणखी पुढं आली. सिदूनं दुसरं ढेकूळ उचललं.